कारणाचा रकाना

शस्त्र परवान्याच्या अर्जात एक रकाना असतो: शस्त्र कशासाठी हवं? मी त्यात 'आत्मसंरक्षण' लिहिलं. अर्ज भरून तीन आठवडे झाले, सही अजून केलेली नाही. येत्या शनिवारपासून बंदूक हाताळण्याचे आणि नेमबाजीचे धडे सुरू होतील. त्याआधी तो शब्द खरा आहे का, हे मला स्वतःशी तपासून घ्यायचं आहे.

लोकांना सांगायला कारण तयार आहे. सुरतेत रिंग रोडच्या कापड बाजारात माझा साड्यांचा लहानसा गाळा आहे. रात्री वसुली घेऊन डिंडोलीला परतायचं, रेल्वेलाइनच्या कडेचा रस्ता सुनसान, जमाना वाईट. ऐकणारा लगेच मान डोलावतो. पण माझं बहुतेक पेमेंट आता बँकेतूनच येतं. रात्री खिशात असतात ते पैसे हातातल्या मोबाईलच्या किमतीइतकेही नसतात. त्या रस्त्याने मी अठरा वर्षं ये-जा करतो आहे, मला कधी कुणी अडवलेलं नाही.

परवान्याचा विचार पहिल्यांदा मनात आला तो वेगळ्याच रात्री. एका पार्टीने, म्हणजे गिऱ्हाईक व्यापाऱ्याने, नव्वद दिवसांच्या उधारीवर माल उचलला आणि अकरा महिने पैसे दिले नाहीत. मी त्याच्या पेढीवर गेलो. चार माणसांदेखत तो म्हणाला, लूमवर तेल पुसणाऱ्याच्या पोराने व्यापाऱ्याला हिशेब शिकवू नये. मी गप्प उठून आलो. त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी डोळ्यांपुढे एक चित्र रंगवलं. मी पुन्हा त्याच्या गादीसमोर बसलोय, कमरेचं रिव्हॉल्व्हर काढून नुसतं समोर ठेवलंय, आणि त्याचा चेहरा पडलाय. गोळी झाडायची नव्हती. फक्त तो पडलेला चेहरा बघायचा होता. त्या चित्राने मला गाढ झोप लागली, आणि पुढच्या आठवड्यात मी परवान्याची चौकशी सुरू केली. याला संरक्षण म्हणता येत नाही.

कायदा वाचला तेव्हा हे जास्तच बोचलं. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. गरजेपेक्षा अधिक इजा करायची नाही, आणि सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. अकरा महिने थकलेल्या बाकीत मला वेळच वेळ होता. मी रंगवलेलं चित्र सरळसरळ धमकावणीचं होतं.

माझे वडील, आप्पा, अमळनेरकडून ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेला आले आणि उभी हयात पॉवरलूमवर काढली. खंडेनवमीला ते पाटावर धोटा, पाना आणि कातर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे आणि त्या दिवशी त्यांना हात लावू द्यायचे नाहीत. ज्याच्यावर पोट चालतं ते आपलं शस्त्र, असं ते मानत. आणि मी? यंदाच्या दसऱ्याला त्याच पाटावर रिव्हॉल्व्हर ठेवल्यावर फोटो कसा दिसेल, याचा विचार मी केला होता. तो फोटो गावाकडच्या भाऊबंदांना पाठवायचा, हेसुद्धा ठरवलं होतं. कानपूरच्या कारखान्यात २०१४ पासून .३२ बोअरचं एक हलकं रिव्हॉल्व्हर बनतं, वजन सुमारे ५०० ग्रॅम. नाव 'निर्भीक'. ते नाव वाचून छाती फुगली होती, हेही इथे लिहिलं पाहिजे. अर्ध्या किलोच्या धातूकडून मी तो निर्भयपणा मागत होतो, जो आप्पांकडे नुसत्या धोट्यानिशी होता.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्याआधी सुरक्षा प्रशिक्षण सक्तीचं केलं आहे: शस्त्र हाताळणं, नेणं-आणणं, साफ करणं, झाडणं, कुलपात ठेवणं, आणि कायद्याची ओळख. नाव नोंदवलं तेव्हा शिकवणाऱ्या निवृत्त सैनिकाने सांगितलं की नेम धरल्याशिवाय बोट ट्रिगरवर जाता कामा नये. हे घरी करून बघा म्हणाले. मी भिंतीला भोक पाडायचं ड्रिल मशीन घेतलं, प्लग काढला आणि दहा वेळा उचललं. आठ वेळा बोट आपसूक बटणावर गेलं. मी स्वतःला थंड डोक्याचा माणूस समजत आलो होतो.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली, निशाण्याच्या मागे काय आहे ते आधी बघा. आमचं रो-हाउस आहे. भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंचं स्वयंपाकघर, त्या पहाटे पाचला तिथे उभ्या असतात. आणि भिंतीअलीकडे माझा नऊ वर्षांचा मुलगा. घरातली प्रत्येक किल्ली कुठे असते हे त्याला माझ्याहून चांगलं माहीत आहे. शस्त्र सुरक्षित ठेवीन अशी लेखी हमी अर्जासोबत द्यावी लागते. अशी हमी मी कुणाच्या जिवावर देणार होतो?

पण मला सर्वांत जड गेला तो वैद्यकीय दाखला. मनाची अवस्था ठीक आहे, असं डॉक्टरांनी त्यात लिहून द्यायचं असतं. आमच्या डॉक्टरांनी विचारलं, झोप वगैरे बरी ना? मी म्हणालो, उत्तम. त्यांनी सही केली. दोन वर्षांपूर्वी मंदीत तीन पार्ट्या एकदम बुडाल्या, तेव्हा मी दोन महिने धड झोपलो नव्हतो. काही रात्री असा विचार येऊन गेला की आपण नसलो तर निदान विम्यातून तरी देणी फिटतील. तो विचार उजाडेपर्यंत टिकत नसे. तेव्हा कपाटात रिव्हॉल्व्हर असतं तर उजाडेपर्यंत वाट बघितली असती का, याचं खात्रीचं उत्तर माझ्याकडे नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. ज्या चोराची मी भीती सांगत होतो, तो माझ्या घरी कधी आला नाही. हा विचार मात्र येऊन गेला होता, आणि मी तो डॉक्टरांपासून लपवला.

पोलिसांच्या तपासणीत गुन्हे सापडतात. माझा राग आणि त्या दोन महिन्यांतल्या रात्री कुठल्याच दफ्तरात नाहीत. त्या मीच सांगितल्या तर कळणार.

परवा रात्री बायकोला सांगितल्या. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, तेव्हा मला उठवायचं ना."

धडे घ्यायला मी जाणार आहे. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा मुलगा माझ्या शेजारी बसून बघत होता. त्याने विचारलं, "पप्पा, हा इतका वेळ हलत कसा नाही?" मला ते सांगता आलं नाही. ते शिकायला ठरावीक शक्तीच्या आतलं एअर पिस्तूल पुरतं, त्याला परवाना लागत नाही. माझं बोट माझं ऐकायला लागेल तेव्हा लागेल.

डॉक्टरांकडे सोमवारी पुन्हा जाऊन खरं सांगून आलो. त्यांनी दिलेला दाखला परत घेतला आणि मला महिन्याने बोलावलं आहे. अर्जातल्या रकान्यातला 'आत्मसंरक्षण' हा शब्द मी खोडला आहे. तिथे लिहायला खरं असं दुसरं काही सापडलेलं नाही, म्हणून तो रकाना रिकामा आहे आणि अर्ज बिनसहीचा.