वरातीमागचं दुकान

खराडीत दुकानाचा फोटो काढून घ्यायला माझ्याकडे कधी कोणी आलं नाही. छत्तीसचा रोल महाग आणि त्यातला एकेक फोटो आधीच ठरलेला: हळद, परण्या, करवल्या, मामा, पंगत, पाठवणी. दुकानावर फिल्म कोण घालवणार? तरीही दुकानं आली. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला की त्याच्या फेट्यामागे किराण्याची फळी यायची, बँडवाल्याच्या मागे पिठाच्या गिरणीचं दार यायचं, करवल्यांच्या मागे सायकली भाड्यानं देणाऱ्याचं पत्र्याचं छप्पर यायचं. दिवस मावळला की फ्लॅश पोचेल तिथवर गाव आणि त्यापुढे काळोख.

आता स्टुडिओत पासपोर्ट फोटोशिवाय फारसं काम उरलेलं नाही. पण जुन्या निगेटिव्हचे डबे शाबूत आहेत आणि लोक त्यांच्यासाठी येतात. गंमत म्हणजे त्यांना नवरा-नवरी नको असतात. ईऑन आयटी पार्कात नोकरी करणारा इथलाच एक मुलगा मध्यंतरी आला होता. आत्याच्या लग्नातला एक फोटो त्यानं हेरून ठेवला होता. म्हणाला, "काका, आत्या राहू द्या. तिच्या खांद्यामागे आजोबांचं सायकलचं दुकान आहे, तेवढं मोठं करून द्या." मोठं केलं. पाटीवरची अक्षरं वाचता येण्याआधीच दाणेदार होऊन फुटली. तरी तो बघत राहिला. पैसे देताना म्हणाला, "आजी ओरडते. म्हणते गेलं ते गेलं, त्याला कवटाळू नये. मोहच आहे का हो हा?"

मी वाडिया कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालो आणि मग फोटोचा धंदा टाकला. दोन्हींत पैसा नाही, हे वडिलांनी वेळेवर सांगितलं होतं. पण या मुलाला उत्तर द्यायचं तर दोन्ही विद्या लागतात.

आधी, गेलं ते कसं गेलं ते बघू. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतले वाडे, दुकानं एका दिवसात गेली. चिखलात बसलेल्या त्या वाड्यांचे फोटो अजून घराघरांतून निघतात, आणि तारीख ठाऊक असल्यामुळे दर जुलैत आठवणही निघते. तेच पाणी पुढे मुळा-मुठेतून आमच्या खराडीवरून खाली गेलं. पण आमची दुकानं पाण्यानं नेली नाहीत. खराडी १९९७ साली महापालिकेत आली. मग सातबारे फिरले, खरेदीखतं झाली, नगर रोड रुंद झाला, बायपास झाला, पुढे ईऑन आलं, वर्ल्ड ट्रेड सेंटर आलं. एक दुकान भाऊवाटणीत गेलं, एक रस्तारुंदीत, एक मुलं नोकरीला लागली म्हणून, आणि एक तर मालकाला पायऱ्या चढवेनात म्हणून. प्रत्येक जाण्याला कारण होतं, बहुतेकांना पैसेही मिळाले. तारीख मात्र कोणालाच मिळाली नाही. ज्या माणसाची तिथी ठाऊक नसते त्याच्यासाठी आपल्याकडे सर्वपित्री आहे. नवीन वास्तू उभी राहिली की वास्तुशांत आहे. दुकानाचं छप्पर उतरवताना भटजी बोलावलेले मी कुठे पाहिले नाहीत.

आता जिथे गिरणी होती तिथे एटीएम आहे. समोरच्या इमारतीत भाड्यानं राहायला आलेल्या माणसाला तिथे काय दिसतं? एटीएम. मला काय दिसतं? एटीएम, आणि गिरणी नसणं. हे दुसरं खरंच दिसतं, की मी मनातून काढून तिथे ठेवतो?

आपल्याकडच्या तार्किकांनी या प्रश्नावर शतकानुशतकं डोकं लावलं आहे. त्यांचं उदाहरण साधं: जमिनीवर घडा नाही, हे मला कसं कळतं? मीमांसकांतले प्राभाकर म्हणतात, तिथे 'नसणं' नावाचं वेगळं काही नाहीच, फक्त मोकळी जमीन आहे, तेवढीच दिसते. कुमारिलभट्टांचे अनुयायी म्हणतात, नसणं खरं आहे, पण ते डोळ्यांनी कळत नाही. घडा असता तर दिसला असता, दिसत नाही म्हणून कळतं, आणि असं कळणं हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन आहे. नैयायिक आणखी पुढे जातात. नसणं खरं आहे आणि ते दिसतंही. द्रव्य, गुण, कर्म अशी जगाची यादी करताना कणादांच्या परंपरेतल्या पुढच्या पंडितांनी अभाव हा सातवा पदार्थ म्हणून तीत घातला. जगात जे जे आहे त्याच्या यादीत नसण्यालाही जागा दिली.

त्यांची एक अट मात्र आहे, आणि माझ्या दृष्टीनं सगळं मर्म तिच्यात आहे. नुसतं नसणं कधी कळत नाही. कशाचं नसणं, ते आधी ठाऊक असावं लागतं. ज्याचा अभाव त्याला ते प्रतियोगी म्हणतात. घडा म्हणजे काय हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला घडा नसल्याचं कळणार नाही. त्या भाडेकरूची नजर काही कमी नाही. त्याच्याकडे प्रतियोगी नाही, इतकंच. त्याच्यापुरते प्राभाकर बरोबर आहेत: तिथे फक्त जमीन आहे, हल्ली काही हजार रुपये चौरस फुटाची.

वरातीमागचा फोटो नेमकं हेच काम करतो. तो गिरणी परत आणत नाही, ते कोणाच्या हातात नाही. ज्यानं गिरणी पाहिली नाही त्यालाही तो प्रतियोगी देतो, म्हणजे गिरणी नाही हे कळण्याची सोय करतो. गेलं ते गेलं, हे आजीचं म्हणणं खरं आहे. पण तेवढं म्हणण्यासाठीही काय गेलं ते माहीत असावं लागतं. आजीला माहीत आहे, म्हणून ती म्हणू शकते. नातवानं ते कशाच्या जोरावर म्हणायचं?

मोहाचा मुद्दा तरी राहतोच, आणि तो फक्त आजीचा नाही. मिलिंद राजानं बौद्ध भिक्षू नागसेनांना प्रश्न विचारले, त्यांत रथाची गोष्ट आहे. चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही, जू म्हणजेही नाही. हे सगळं जुळून आलं की व्यवहारासाठी रथ म्हणायचं. तसं किराण्याचं दुकान म्हणजे काय? फळ्या, तराजू, गुळाची ढेप, मालकाचा आवाज आणि उधारीची वही. त्यातली वही आधी बंद झाली, मग तराजू गेला, मग फळ्या. दुकान नक्की कधी गेलं, हे मालकालाही सांगता आलं नसतं. मग जे कधी एकसंध नव्हतंच त्यासाठी हळहळायचं कशाला?

पण ज्या बुद्धांनी अनित्यता शिकवली, त्यांच्याच अनुयायांनी लुंबिनी, बोधगया, सारनाथ, कुशीनगर ही चार ठिकाणं जपली. आणि आपल्या मराठीत तर याहून जवळचं उदाहरण आहे. महानुभाव पंथ देवळातल्या देवतांना भजत नाही, संसाराच्या ओढीबद्दल त्याच्याइतका कठोर पंथ महाराष्ट्रात विरळा. त्याच पंथानं जागांची आठवण अशी धरून ठेवली की आजच्या मोजणी खात्यानं शिकावं. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांच्याकडे जाऊन, विचारून विचारून लीळा जमवल्या. मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानलं जाणारं लीळाचरित्र असं माणसांना विचारून झालं. आणि पुढे चौदाव्या शतकात स्थानपोथी आली. तिच्यात उपदेश जवळजवळ नाही. स्वामी कुठे उतरले, ते देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, दार कोणत्या तोंडाचं, बसण्याची जागा कुठे, असा सगळा जागांचा हिशोब आहे. आमच्याच नगर रोडनं पुढे गेलं तर गोदावरीकाठी त्यातलं डोमेग्राम लागतं, पुढे पैठण, आणि लांब विदर्भात रिद्धपूर. तिथली तेव्हाची कितीतरी बांधकामं केव्हाच गेली. जागेवर ओटे आहेत, आणि त्या ओट्यांना लोक नमस्कार करतात.

मला यात मोह आणि स्मरण यांतला फरक दिसतो. मोहाला वस्तू परत हवी असते, आणि परत येत नाही म्हणून तो तिला गोड करून घेतो: तेव्हाचं गाव, तेव्हाची माणसं, तेव्हाचा चहा. स्मरणाला गोडव्याची गरज नसते. दार कोणत्या तोंडाचं होतं, हे त्याला हवं असतं. जितकं ते काटेकोर, तितका त्यात माझा मीपणा कमी. म्हणूनच असेल, महानुभावांनी स्मरणाला साधना मानलं.

आणि काटेकोर व्हायचं म्हटलं की फोटोवरही आंधळा विश्वास चालत नाही. १८३८ मध्ये फोटोग्राफीचा पाया घालणाऱ्यांतल्या दागेर यांनी पॅरिसच्या बुलेव्हार दु तांप्ल या रस्त्याचा फोटो घेतला. रस्ता दिवसाचा, वर्दळीचा. पण फोटोत सुनसान आहे. प्रतिमा उमटायला काही मिनिटं लागायची, त्यामुळे जे चालत होते, धावत होते, ते उमटलेच नाहीत. उमटला तो बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला एक माणूस आणि त्याच्या पायाशी बसलेला पॉलिशवाला. त्या रस्त्याचा मोठा भागही पुढे १८६२ मध्ये पाडला गेला. जे थांबलं ते उमटलं, जे हललं ते वगळलं गेलं, हा नियम तेव्हापासूनचा आहे.

माझ्या फोटोंना वेगळाच नियम लागू होता. कॅमेरा वरातीबरोबर चालायचा आणि वरातीचा रस्ता ठरलेला असायचा. वेशीपलीकडच्या वस्तीतून ती जायची नाही. म्हणून गावातली किराण्याची दुकानं माझ्या डब्यात पुन्हा पुन्हा आहेत आणि वस्तीतल्या चप्पल शिवणाऱ्याची पथारी एकदाही नाही. गाव म्हणून आज लोक जे फोटो एकमेकांना दाखवतात ते घोड्याच्या वाटेवरचं गाव आहे. ज्याचा फोटोच नाही त्याचं नसणं कोणाला कळणार? तिथे निगेटिव्ह उपयोगाची नाही. तिथे म्हाइंभटांचाच मार्ग: जे होते त्यांच्याकडे जाऊन बसायचं आणि विचारायचं.

तार्किकांचा आणखी एक भेद मला इथे उपयोगी पडतो. वस्तू नष्ट झाल्यावरचा अभाव, प्रध्वंसाभाव, त्याला सुरुवात आहे पण शेवट नाही; तीच गिरणी पुन्हा होणार नाही. वस्तू होण्याआधीचा अभाव, प्रागभाव, त्याला सुरुवात नाही पण शेवट आहे. गिरणी उभी राहिली आणि गिरणी नसण्याचा तो काळ संपला. आठवणी काढणाऱ्यांना हा दुसरा अभाव आठवत नाही. आमच्या लहानपणी होतं तेच मूळ, असं धरून आम्ही बोलतो. पण गिरणीआधी तिथे कोणाचं तरी खळं होतं, आणि गिरणी आली तेव्हा एखाद्या म्हातारीनं जात्यासाठी आमच्यासारखाच उसासा टाकला असेल. माझ्या फोटोतलं खराडी हे खराडीचं एक वय आहे, जन्म नव्हे. हे कळलं की नव्या इमारतीत राहणाऱ्यांवर उगीच राग धरायचं कारण राहत नाही. तेही एका प्रागभावाच्या शेवटी आलेले, आपल्यासारखेच.

या सगळ्यात ऋणाचाही भाग आहे. उधारीची वही आठवा. ऊस कारखान्यावर जाऊन पैसे हातात येईपर्यंत कित्येक घरं त्या वहीवर जगली. आजारपणात, मयतीत, शाळेच्या फीच्या वेळी नाव मांडून माल घरी गेला. पैसे पुढे फिटले, निदान बहुतेकांचे. विश्वास ठेवल्याचं ऋण कशानं फिटतं? पितरांसाठी तर्पण करताना शेवटी आपण, ज्यांचं कोणी नाही त्यांनाही पाणी देतो. नाव माहीत नसलं तरी देणं लागतो असं मानतो. मग ज्याचं नाव माहीत आहे, निदान विचारून कळण्यासारखं आहे, त्याचं नाव नोंदवायला आळस का?

म्हणून हल्ली कोणी मागची दुकानं मोठी करून मागितली की मी प्रिंटच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून देतो: रस्ता कोणता, तोंड कोणत्या दिशेला, दुकान कशाचं, कोण बसायचं, आता तिथे काय आहे. गिरणी देवळाकडून येताना डाव्या हाताला होती की उजव्या, यावरून गावातल्या दोन आप्पांचं जुंपलं होतं. दोघांचं म्हणणं दोघांच्या नावानिशी लिहिलं. भांडण मिटवणं माझं काम नाही.

आणि जे नवीन राहायला आलेत त्यांनी 'आमचं इथे काय होतं' म्हणून बाजूला उभं राहू नये. आयटी पार्कच्या फाटकाबाहेर दुपारी जी गर्दी असते, तिच्या सेल्फींमागे चहाची टपरी आहे, इस्त्रीवाला आहे, अंडाभुर्जीची गाडी आहे. मोबाइलला रोलचा हिशोब नाही, त्यामुळे ही माणसं हजारो फोटोंत आहेत आणि एकातही नाव लावून नाहीत. उद्या फुटपाथ नवा होईल, नाहीतर गाडी उचलली जाईल, आणि तिथे फक्त मोकळी जमीन दिसेल. प्रध्वंसाभाव कायम टिकतो, पण तो ओळखू शकणारी माणसं टिकत नाहीत. तेव्हा चहा पिता पिता चहावाल्याचं नाव विचारा, गाव विचारा, टपरी कधी टाकली ते विचारा, आणि फोटोखाली लिहून ठेवा.