दुसऱ्याच्या गालावर फेस लावताना

आपल्यापैकी अनेकांच्या घरी एक खाट असते आणि त्या खाटेवर वडील, आजोबा किंवा सासरे असतात. पक्षाघाताने एक हात गेलेला असतो, किंवा हात इतका थरथरतो की त्यात रेझर देता येत नाही. दर दोन-तीन दिवसांनी त्यांची दाढी दुसऱ्या कुणाला तरी करावी लागते. ते काम तुमच्याकडे आले असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. सत्संगात ‘सेवा’ हा शब्द आपण सहज उच्चारतो. तो आपल्यात कितपत उतरला आहे, हे ब्रशने फेस लावण्याच्या पाच मिनिटांत बरेचसे कळते.

कुणी विचारील, दाढी स्वच्छ झाली, कुठे कापले नाही, मग करणाऱ्याचे मन त्या वेळी कुठे होते याने काय बिघडते? गाल तर सारखाच गुळगुळीत होतो. हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. मुखी नाम चालू आहे आणि ब्रश मात्र गार पाण्यात बुडवलेला, अशीही सेवा आपण पाहिलेली असते. भाव उत्तम, पण खाटेवरच्या माणसाला जाणवतो तो ब्रशचा गारठा. तेव्हा नुसता भाव पुरत नाही, हे मान्य करावे लागते. मग नुसते कौशल्य पुरते का?

आधी कामाकडेच पाहू. दाढीचा केस कोरडा असताना ताठ आणि चिवट असतो. पाणी शोषले की तो मऊ पडतो आणि त्याला दोन-तीन मिनिटे लागतात. म्हणून कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल आधी गालांवर ठेवावा. पाणी किती गरम आहे ते आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर पाहावे, कारण पक्षाघात झालेल्या बाजूला त्यांना चटका कळेलच असे नाही. पाठीशी उशा देऊन त्यांना बसते करावे. आडवे असताना फेस तोंडाकडे ओघळतो. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल तर लहानशी चीरही बराच वेळ वाहते. अशा वेळी डॉक्टरांना विचारून विजेचे यंत्र वापरणे बरे.

ब्रश कोमट पाण्यात भिजवून झटकावा. वाटीत बदामाएवढे क्रीम घ्यावे, ब्रश गोल फिरवत राहावे आणि पाणी थेंब थेंब घालावे. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झाले. पिठासारखा कोरडा दिसला तर कमी पडले. दाट दह्यासारखा, किंचित चकाकणारा फेस आला की थांबावे. बोअरच्या जड पाण्यात क्षारांमुळे साबण नीट फेसाळत नाही. तेवढ्यापुरते वाटीभर आरओचे पाणी घ्यावे.

आता गाल. ब्रश दाबू नये. त्याची टोके जेमतेम पसरतील इतकाच भार द्यावा. आधी लहान लहान वर्तुळे काढावीत. त्यांनी केस उभे राहतात आणि फेस मुळाशी जातो. मग रंग द्यावा तसे हलके, सरळ हात फिरवावेत, म्हणजे थर सारखा होतो. म्हाताऱ्या माणसाची कातडी सैल असते, वळ्यांमध्ये फेस पोहोचत नाही. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी ती अलगद ताणून धरावी लागते. ओठांभोवती सगळ्यात शेवटी आणि थोडाच फेस लावावा, तोही ब्रशऐवजी बोटाने.

स्वतःच्या गालावर फेस लावताना गालच हाताला सांगतो, इथे जोर झाला, इथे कोरडे राहिले. दुसऱ्याच्या गालाकडून ती बातमी येत नाही. ती चेहऱ्यावर वाचावी लागते: पापणी घट्ट मिटली, कपाळाला आठी पडली, श्वास रोखला गेला. मन दुसरीकडे असेल तर यातले काहीही दिसत नाही, हात कितीही सराईत असो. तेव्हा लक्ष हे त्या कामाचे साधनच ठरते, वाटी आणि ब्रश यांच्याइतकेच. आणि जो काहीच दाखवू शकत नाही, त्याचे काय? तिथे लक्ष जास्त लागते, कारण चूक झाली तर सांगणारा कुणी नाही. निष्काम याचा अर्थ निष्काळजी असा आपण नकळत लावून बसलो आहोत की काय, अशी शंका अशा ठिकाणी येते.

संत सेना महाराज न्हावी होते. महाराष्ट्रात त्यांचे अभंग गातात आणि गुरू ग्रंथसाहिबातही भगत सैण यांचे पद आहे. त्यांची कथा आपण ऐकली असेल. राजाचे बोलावणे आले तेव्हा सेना पूजेत मग्न होते. मग देवच धोकटी घेऊन राजवाड्यात गेला. कथेचा भर आपण नेहमी चमत्कारावर देतो. मला मात्र वाटते की देवाने तिथे जाऊन काय केले, तेही पाहावे. त्याने राजाला उपदेश केला नाही. न्हाव्याचे काम होते, ते केले.

फेस लावण्याआधीची एक गोष्ट राहिली. त्यांना विचारले का? आयुष्यभर राखलेली मिशी एखाद्या सकाळी सोयीसाठी उडवली जाते. घरच्यांना वाटते, बरे झाले, स्वच्छ दिसतात. त्यांचा चेहरा मात्र त्यांना न विचारता बदललेला असतो. बोलता येत नसेल तर ब्रश दाखवावा, मान हलते का ते पाहावे. ‘आज नको’ म्हणण्याचा अधिकार त्यांचाच आहे, तुम्ही पाणी तापवून ठेवले असले तरी. आपली सेवा नाकारली गेली की जो राग येतो, त्याकडे साधकाने जरूर पाहावे.

ब्रशविषयी थोडे. काही ब्रश डुकराच्या किंवा बॅजर या प्राण्याच्या केसांचे असतात. अहिंसेचा विचार करणाऱ्यांसाठी कृत्रिम धाग्यांचे ब्रश मिळतात. ते मऊ असतात आणि लवकर वाळतात, त्यामुळे आजाऱ्यासाठी सोयीचेही आहेत. काम झाल्यावर ब्रश धुऊन, झटकून, मोकळ्या हवेत वाळत ठेवावा.

आणि शेवटी त्यांच्या हातात आरसा द्यावा, हात उचलत नसेल तर आपण धरावा. घाई करू नये. कानाखाली एखादी जागा राहिली असेल, तर बहुधा तेच बोटाने दाखवतील.