दुसऱ्यांदा येणारा पाहुणा

निजामाच्या राजवटीत परभणी जिल्ह्यात जाहीर सभा भरवायची तर आधी सरकारकडून परवानगी काढावी लागे. गश्ती निशाण 53 या नावाचा तो हुकूम हैदराबाद संस्थानातल्या लढ्याच्या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटतो. महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन 1937 साली परतूरला भरलं. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. तिकडे पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती 1875 साली. त्याच वर्षी स्वामी दयानंदांना बोलावून पुणेकरांनी त्यांची व्याख्यानं ऐकली, त्यांवर कडाडून वाद घातले. पुण्याला ऐकण्याची आणि उलट विचारण्याची सवय लागून साठ वर्षं उलटली, तेव्हा आमच्याकडे सभेच्या परवानगीचे अर्ज चालले होते. व्याख्यान ही आमच्या भागाला उशिरा आणि भांडून मिळालेली गोष्ट आहे. म्हणून ती वाया जाताना दिसली की जीव तुटतो.

आज परभणी जिल्ह्यातल्या बोरीच्या स्टँडवर सकाळी सॅक अडकवून उभी असलेली मुलं जिंतूरच्या नाहीतर परभणीच्या कॉलेजांकडे निघालेली असतात. हा सगळा जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखाली येतो. हे विद्यापीठ 1994 साली स्थापन झालं तेही 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार 2024-25 पासून संलग्न कॉलेजांतही शाखा कुठलीही असो, भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यशिक्षण, दुसऱ्या विद्याशाखेतला एखादा विषय, असं काही ना काही प्रत्येकाच्या वाट्याला आलं आहे. रसायनशास्त्र घेतलेल्या मुलाने थोडा इतिहास, थोडं साहित्य वाचावं, हा विचार मला मनापासून पटतो. प्रश्न आहे तो शिकवणार कोण, हा. पूर्णवेळ जागा रिकाम्या पडलेल्या, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक तासाच्या हिशोबाने दोन-दोन कॉलेजं सांभाळतात. मग मोकळ्या जागेवर अतिथी व्याख्यानमाला बसवली जाते.

तिचा क्रम ठरलेला. पाहुणे येतात, प्रतिमापूजन होतं, दीप लागतो, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय, प्राचार्यांचं मनोगत. पाहुणे माइकसमोर येतात तेव्हा घड्याळात तासातला मोठा भाग गेलेला असतो. विषय असतो ‘मानव्यविद्या आणि आजचा युवक’ एवढा अवाढव्य. मागच्या बाकावरची मुलं दुपारच्या गाडीची वेळ मनात मोजत असतात. आभार मानले जातात, फोटो निघतो, नॅकच्या फाइलला अहवाल लागतो. यात कोणाची नियत वाईट नसते. राबणारे प्राध्यापक जिवापाड राबतात, पाहुणेही तयारी करून आलेले असतात. तरी मुलांच्या हाती फार काही लागत नाही.

अशाच एका कार्यक्रमानंतर संतसाहित्यावर बोलून मी बाहेर आलो, तर बोरीहून रोज जाऊन-येऊन करणारी, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची एक मुलगी खांबाशी थांबली होती. तिने विचारलं, “सर, जनाबाई दळताना अभंग म्हणायच्या ना? मग ते लिहून कोणी घेतले?”

गंगाखेडची जनाबाई याच जिल्ह्यातली. परंपरा सांगते की तिचे अभंग प्रत्यक्ष पांडुरंगाने लिहून घेतले. वारकऱ्याला हे उत्तर पुरतं, आणि त्यामागच्या श्रद्धेविषयी मला आदर आहे. पण त्या मुलीच्या प्रश्नात किती दारं आहेत ते पाहा. शेकडो वर्षं तोंडातोंडी टिकलेली रचना कीर्तनकाराच्या गळ्यातून बाडात कधी उतरली? वाटेत किती नव्या ओळी ‘नामयाची जनी’च्या नावावर जमा झाल्या? तिचे अभंग बराच काळ नामदेवांच्या गाथेच्या आत छापले गेले, ते का? दासीचं काम करणाऱ्या बाईचे शब्द जपायला देवालाच यावं लागलं, असं समाजाने का सांगितलं? इतिहास, भाषा, धर्म, स्त्रीचे कष्ट, सगळं त्या एका प्रश्नात आलं. हेमा रायरकर आणि गी प्वातवां यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या. त्यांत आपल्या ताडकळसच्याही आहेत. म्हणजे त्या मुलीच्या आजीच्या पिढीपर्यंत हा धागा तुटलेला नाही. हे सगळं तिला सांगायला पाच मिनिटंही नव्हती. एसटी लागली होती.

आमची व्याख्यानमाला कुठे चुकते ते मला त्या खांबापाशी कळलं. खरा तास सुरू व्हायची वेळ आली की आम्ही आभार मानतो.

विद्यापीठाने भिंतीबाहेर जाऊन शिकवावं, ही कल्पना केंब्रिजने 1873 साली अधिकृतपणे स्वीकारली. तिच्या मागे जेम्स स्टुअर्ट नावाचा तरुण प्राध्यापक होता. रॉचडेलच्या कामगारांपुढे खगोलशास्त्रावर बोलताना त्याने आकृत्या टांगल्या होत्या. पुढच्या आठवड्यात मी येईपर्यंत त्या तशाच राहू द्या, असं तो रखवालदाराला सांगून गेला. मधल्या आठवड्यात कामगार त्या आकृत्यांवर आपसांत बोलले आणि पुढच्या वेळी व्याख्यानाआधीच त्यांनी त्याला प्रश्नांसाठी गाठलं. पुढे व्याख्यानाला जोडून चर्चेचा तास हा त्या चळवळीचा नियमच झाला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या कोलंबिया कॉलेजात 1919 साली ज्याची सुरुवात झाली तो, तिथल्या सगळ्या विद्यार्थ्यांना सक्तीचा असलेला मानव्यविद्यांचा गाभा-अभ्यासक्रमही छोट्या वर्गांत, मूळ ग्रंथ वाचून, समोरासमोर बोलून चालतो. आपल्याकडे पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल मंडळाने जयकरांच्या नावाच्या व्याख्यानमालेतून वक्ते गावोगाव पाठवले, हे फार मोलाचं काम आहे. पण वक्ता पोहोचवणं आपल्याला जमलं, त्याला परत आणणं राहून गेलं.

मराठवाड्याला याचा उत्तम नमुना घरातच मिळाला होता. नरहर कुरुंदकर मूळचे कुरुंद्याचे. ते गावही तेव्हा परभणी जिल्ह्यातच. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवणारा हा माणूस मनुस्मृतीपासून नाट्यशास्त्रापर्यंत, शिवाजी महाराजांपासून सेक्युलॅरिझमपर्यंत बोलला, आणि ज्यांना अवघड विषय झेपणार नाहीत असं समजलं जाई त्या लहान गावांतल्या श्रोत्यांपुढे बोलला. 10 फेब्रुवारी 1982 रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांचं निधन झालं तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते. त्यांची शक्ती वक्तृत्वापुरती नव्हती. ते याच भागात राहिले. आज ऐकलेल्याला उद्या त्यांच्याशी भांडता येत होतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. पाच पाहुणे एकेकदा बोलावण्याऐवजी एकाच पाहुण्याला तीनदा बोलवा. पहिल्या खेपेला एकच गोष्ट हाती द्या: जनाबाईचा एक अभंग, नाहीतर जिंतूरकडच्या चारठाण्याच्या जुन्या देवळाचा एक खांब. मग दोन-तीन आठवडे मुलांनी तो अभंग घरी म्हणून पाहावा, आजीला ओव्या विचाराव्यात, चारठाण्याला जाऊन खांबाची मापं घ्यावीत. गणिताच्या मुलाला तिथे भरपूर काम आहे. प्रश्न लिहून पाहुण्याकडे पाठवावेत. दुसऱ्या खेपेला त्याने फक्त त्या प्रश्नांवर बोलावं. तिसरी बैठक कॉलेजात नकोच. ती बोरीत, जिल्हा परिषद शाळेच्या अंगणात, संध्याकाळी, शेतावरून माणसं परतल्यावर व्हावी. तिथे मुलांनी बोलावं आणि पाहुण्याने ऐकावं.

हे जमायचं तर मधल्या आठवड्यांत मुलांबरोबर कोणीतरी असावं लागतं, आणि तो माणूस कॉलेजात आहे. तासिका तत्त्वावरचा तो प्राध्यापक अनेकदा आमच्याइतकाच शिकलेला असतो, बहुधा याच भागातला असतो, आणि मुलांची नावं त्याला पाठ असतात. आज त्याच्याकडे पाहुण्याला स्टँडवरून आणणं आणि सूत्रसंचालन एवढंच येतं. प्रश्न गोळा करणं, वाचून घेणं, चारठाण्याला मुलांना नेणं हे अध्यापनच आहे; ते त्याच्या तासिकांत धरलं जावं, आणि त्या तासिकांचे पैसे पाहुण्याच्या मानधनाआधी मंजूर व्हावेत.