हलकेपणाचा अधिकार

माणसाने आपल्यावरील ओझे कमी करावे की करू नये, हा वरवर पाहता वादाचा विषयच नव्हे. ओझे कोणालाही प्रिय नसते. परंतु वकिलीच्या व्यवसायात वीसेक वर्षे घालविल्यावर एक गोष्ट आमच्या ध्यानात येऊन चुकली आहे, ती ही की, दिवाणी न्यायालयात येणाऱ्या तंट्यांपैकी पुष्कळसे तंटे कोणीतरी आपले ओझे खाली ठेवल्यामुळे उद्भवलेले असतात. एका भावाने घरपट्टी भरावयाचे सोडलेले असते, दुसऱ्याने वृद्ध मातेस सांभाळावयाचे, तर तिसऱ्याने सामाईक विहिरीचा गाळ काढावयाचे. खाली ठेवलेले ओझे नाहीसे होत नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर जाऊन बसते, आणि तो दुसरा एके दिवशी आमच्या कचेरीची पायरी चढतो. या विचाराची उजळणी करण्याचा प्रसंग आम्हांवर नुकताच आला, आणि त्यास निमित्त झाले एका मोटारीच्या बॅटरीचे.

आमचा एक भाचा नोकरीनिमित्त जर्मनीत स्थायिक झाला आहे. त्याची आई, म्हणजे आमची थोरली बहीण अक्का, वैधव्यानंतर त्याच्याकडेच राहते. तरुणपणापासून उराशी बाळगलेली हौस म्हणून त्याने पोर्शे कंपनीची बॉक्स्टर स्पायडर ही दोन आसनांची मोटार जुन्या बाजारातून घेतली. घरात दुसरी गाडी नाही. मध्यंतरी तिची बॅटरी निकामी झाली, तेव्हा नवी बसविताना नेहमीची शिशाची घ्यावी, की तिच्याहून दहा किलोंनी हलकी अशी लिथियमची घ्यावी, हा प्रश्न त्यास पडला. त्याने आम्हांस लिहिले, "मामा, कायद्याची आडकाठी नाही, गाडी माझी आहे, पैसेही माझेच आहेत. तरीही मन का खाते ते तुम्ही सांगा."

आमचे पहिले उत्तर थट्टेचे होते. पोटाचा घेर दहा किलोंनी कमी केलास तर बॅटरीचे पैसे वाचतील, असे आम्ही त्यास कळविले. ते उत्तर अन्यायाचे होते, हे आज आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. दुसऱ्याच्या हौशीस चैन म्हणून निकालात काढणे फार सोपे असते. परंतु प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून निर्णय देऊ नये, हा आमच्याच व्यवसायाचा पहिला नियम.

त्याचे म्हणणे असे. ही मोटार २०१० च्या सुमारास निघाली, तेव्हा त्या कंपनीच्या सर्व गाड्यांत ती सर्वांत हलकी, १२७५ किलोंची होती. तेवढे वजन साधण्यासाठी कर्त्यांनी तिचे छत हाताने लावावयाचे ठेवले, थंड हवेचे यंत्र आणि रेडिओदेखील मूळ गाडीत दिला नाही. अशा वाहनात हलकेपणा हा त्याचा स्वधर्मच होय. बॅटरी गाडीच्या पुढल्या भागात बसते. तेथील दहा किलो उतरले म्हणजे वळताना आणि थांबताना तेवढा भार कमी रेटावा लागतो. एकूण वजनाच्या मानाने हे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी आहे, हे तोही जाणतो. परंतु तंबोरा लावताना खुंटी केसभर फिरविणाऱ्यास आपण वेडा म्हणत नाही.

आता बॅटरीकडे वळू. शिसे आणि आम्ल यांची, पुन्हापुन्हा भरता येणारी बॅटरी गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली सिद्ध केली. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर आला आणि हँडल मारून इंजिन चालू करण्याचे कष्ट संपत चालले, तेव्हापासून ही जड पेटी मोटारीची नित्याची सोबतीण झाली. तीत सुमारे दोन व्होल्टचे सहा घट असतात. लिथियम, लोह आणि फॉस्फेट यांच्या नव्या बॅटरीत ३.२ व्होल्टचे चार घट तेच काम करतात, आणि शिसे नसल्यामुळे पेटी एका हाताने उचलता येते. पोर्शेने २००९ च्या अखेरीस आपल्या निवडक गाड्यांसाठी अशी लिथियमची बॅटरी जाहीर केली. तिचे वजन सहा किलोंहून कमी, क्षमता १८ अँपिअर-तास, किंमत जर्मनीत १९०४ युरो. ती ६० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीशी तुल्यबळ आहे, असे कंपनीने सांगितले.

"तुल्यबळ" हा शब्द वाचताच आमच्यातला वकील जागा झाला. तुल्यबळ, परंतु कोणत्या मुद्द्यापुरती? कंपनीचा युक्तिवाद असा की, शिशाची बॅटरी रिती होऊ लागली म्हणजे तिचा जोरही ओसरतो, त्यामुळे तिच्या क्षमतेपैकी शेकडा तीसच्या आसपास भाग खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो; लिथियमची जवळजवळ सगळी पडते. इंजिन चालू करण्यापुरता हा युक्तिवाद ग्राह्य आहे. परंतु समजा, रात्री रस्त्याच्या कडेला गाडी बंद पडली आणि पाच अँपिअर वीज खाणारे दिवे लावून मदतीची वाट पाहत बसावे लागले, तर १८ भागिले पाच म्हणजे साडेतीन तासांहून किंचित अधिक, आणि ६० भागिले पाच म्हणजे बारा तास. येथे इंजिन चालू करावयाचे नसून केवळ तग धरावयाचा आहे. अनेक विक्रेते अशा बॅटऱ्यांवर "शिशाच्या अमुक अँपिअर-तासांबरोबर" असा मोठा आकडा छापतात. तो खोटा नसतो. तो एकाच प्रश्नाचे उत्तर असतो आणि सर्व प्रश्नांचे उत्तर म्हणून वाचला जातो. म्हणून आम्ही भाच्यास पहिला सल्ला दिला की, खरे अँपिअर-तास किती ते विचार. त्यासोबत घटांवर देखरेख ठेवणारे विद्युत्‌यंत्र आत आहे काय, गाडी ज्या दाबाने वीज भरते तो तिला मानवेल काय, आणि घरी भरावयाचे उपकरण लिथियमसाठीच केलेले आहे काय, हेही पाहून घे.

दुसरा भेद स्वभावाचा. शिशाची बॅटरी म्हातारी होऊ लागली की बहुधा कुरकुर करते. सकाळी इंजिन रेंगाळत फिरते, दिवे मंद होतात, आणि ज्यास कान आहेत त्यास समजते. लिथियमच्या बॅटरीचा दाब अखेरपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो आणि मग एकदम कोसळतो. घट वाचविण्यासाठी देखरेखीचे यंत्र वीज तोडून टाकते, आणि काल ठणठणीत असलेली गाडी आज गप्प होते. शिवाय तिला थंडी सोसत नाही. शून्य अंशाखाली तिचा जोर घटतो, आणि तशा गारठ्यात तिच्यात वीज भरली तर घटांची कायमची हानी होऊ शकते. जर्मनीतील हिवाळ्यात ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

आणि येथेच या प्रकरणातील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटलेला पुरावा हाती लागला. पोर्शेने आपली हलकी बॅटरी विकताना तिच्यासोबत नेहमीची जड बॅटरीही दिली! थंडीत ही काम देणार नाही, तेव्हा ती बसवा, असे स्पष्ट सांगून. दोहोंची लांबीरुंदी आणि जोडणी सारखीच ठेवली, म्हणजे अदलाबदल सुलभ व्हावी. एकोणीसशे युरो मोजून हलके होणाऱ्या गिऱ्हाइकास कर्त्यानेच बजावले होते की, जड ओझे टाकून देऊ नकोस, कोठडीत जपून ठेव.

गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. कष्ट नकोत म्हणून केलेला त्याग आणि मोहाने केलेला त्याग, हे दोन्ही तेथे खऱ्या त्यागात धरलेले नाहीत. आम्हांस वाटते, हलकेपणाचीही हीच परीक्षा आहे. जे ओझे आपण उतरविले, ते कोणते कार्य करीत होते आणि ते कार्य आता कोण करणार, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याच्याजवळ आहेत, त्यास हलके होण्याचा अधिकार आहे.

हे सर्व आम्ही भाच्यास सविस्तर लिहिले. ते त्याने अक्कास वाचून दाखविले. अक्काने एकच प्रश्न विचारला, "बॅटरी बदलायची आठवण कोण ठेवणार?" आमच्या चार पानांत तो प्रश्न नव्हता. दहा किलोंचे ओझे गाडीवरून उतरले, ते स्मरणावर चढले. आणि डिसेंबरातील एखाद्या रात्री अक्काची छाती भरून आली असता गाडी गप्प राहिली, तर ते विस्मरण कोणास भोगावे लागणार, हे सांगावयास नको.

भाच्याने दोन्ही बॅटऱ्या घेतल्या. दसऱ्यास वाहनाची पूजा होते, त्याच दिवशी जड बॅटरी बसवावयाची, आणि अक्षय्यतृतीयेस ती उतरवून हलकी बसवावयाची, असा नेम त्याने केला आहे. पहिल्या दसऱ्यास अक्का स्वतः जवळ उभी होती, असे तो लिहितो.

प्रकरण येथे मिटावयास हवे होते. परंतु अक्काच्या त्या प्रश्नाने आमचा पिच्छा सोडलेला नाही. आम्ही येथे या गावी पुस्तके, पक्षकार आणि चार सभासंमेलने यांत सुखाने वावरतो. ग्रामदेवतेच्या उत्सवास वर्गणी पाठवितो. तेथे पहाटे उठून समईत तेल घालणारे हात दुसऱ्याचे असतात. आईच्या माघारी अक्का हे आमचेही ओझे होते. ते आम्ही कधी खाली ठेवले, हे आम्हांस आठवतसुद्धा नाही; भाच्याने ते उचलले, आणि आम्ही त्यास हलकेपणावर उपदेश लिहीत बसलो. हा लेख छापखान्यात धाडण्यापूर्वी आम्ही अक्कास पत्र लिहिले आहे की, येत्या अक्षय्यतृतीयेनंतर काही महिने तू इकडे राहावयास ये. तिचे उत्तर अद्याप यावयाचे आहे.