दुसऱ्याचे अडकवलेले पैसे हाही परिग्रहच

कुंथलगिरीच्या डोंगरावरून कुलभूषण आणि देशभूषण मुनी मोक्षाला गेले, अशी आम्हा जैनांची श्रद्धा. आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 साली इथेच सल्लेखना घेतली, म्हणजे अन्नपाणी सोडत देह ठेवला. त्याच परिसरात, भूम-वाशीकडे, आमच्या खव्याच्या भट्ट्या पेटतात. डोंगरावर सर्वस्वाचा त्याग आणि खाली रोज मालाची, येणे असलेल्या पैशांची चिंता. मग खव्याचा धंदा करणाऱ्या श्रावकानं अपरिग्रह, म्हणजे साठवण न करण्याचं व्रत, पाळायचं कसं?

मुनींना सगळंच सोडायचं असतं. गृहस्थाला परिग्रह-परिमाण व्रत सांगितलंय, म्हणजे मर्यादा बांधून घ्यायची. पण कशाची? म्हशीच्या साधारण पाच लिटर दुधाचा किलोभर खवा होतो आणि उन्हाळ्यात तो बाहेर दोन दिवसही टिकत नाही. हिवाळ्यात म्हशी व्यालेल्या असतात, दूध उदंड, उठाव कमी. लग्नसराईत उठाव, तर दूध आटलेलं. म्हणून मी डीप फ्रीजरमध्ये खवा ठेवतो. डब्यावर तारीख घालतो, आधीचा डबा आधी बाहेर काढतो. हा साठा मला व्रतभंग वाटत नाही. तो केला नाही, तर पौषात दुधाची घागर घेऊन आलेल्या बाईला "आज दूध नको" म्हणावं लागेल. तिला मात्र म्हशीला पेंड रोज घालावीच लागते.

खरा परिग्रह मला वहीत दिसतो. शहरातला व्यापारी खवा उचलतो, बर्फी करून विकतो आणि माझे पैसे पुढच्या सणापर्यंत स्वतःच्या धंद्यात फिरवतो. तेच मी खाली ढकललं, तर माझी भट्टी त्या बाईच्या पैशावर चालेल. कमी माप देणं हा अचौर्यव्रताचा अतिचार, म्हणजे व्रताला लागणारा दोष, हे आम्हाला पाठशाळेत शिकवलं. तारखेत मारणं त्याहून वेगळं कसं?

2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानं नोंदणीकृत लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायला लावलेत. माझ्यासाठी तो आधार आहे. पण दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईची कुठली आलीय उद्योग-नोंदणी! तिच्यापर्यंत धर्मालाच जावं लागतं.

म्हणून माझी मर्यादा अशी: दुधाचा पगार दर दहा दिवसांनी, वरून येणं आलेलं असो वा नसो. तेवढी रोकड बाजूला काढूनच उरलेल्या जोरावर उधारी. बाकीचा माल रोखीनं, भाव थोडा कमी मिळाला तरी. नफा घटतो, हे खरंय. पण दूध तुटत नाही, आणि दुधात पाणीही येत नाही.

खवा, पापड, मसाला, काहीही बनवत असाल, तर आज रात्री वही उघडा. आधी देणी वाचा, येणी नंतर. आणि त्यातलं सगळ्यात लहान देणं उद्या सकाळीच देऊन टाका.