शस्त्र, अलंकरण आणि आस्वादाची नैतिकता

शस्त्राला आपण सुंदर म्हणतो तेव्हा नेमके कशाला सुंदर म्हणत असतो? कांटने १७९० मध्ये मांडलेला स्वायत्त आणि परायत्त सौंदर्याचा भेद येथे उपयोगी पडेल, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तूच्या प्रयोजनाची कल्पना दूर ठेवून घेतलेला आस्वाद स्वायत्त सौंदर्याचा; ती गृहीत धरून घेतलेला परायत्त सौंदर्याचा. परंतु कट्यारीचे प्रयोजन माणसाला भोसकणे हे आहे. ते दूर ठेवावे तर समोर कट्यार उरत नाही; गृहीत धरावे तर आस्वादक हिंसेचा भागीदार ठरतो.

यातून सुटण्याची नेहमीची वाट म्हणजे पात्यापासून साज वेगळा काढणे. जपानी आखूड शस्त्राच्या, म्हणजे तांतोच्या, बाबतीत ही वाट इतिहासानेच मोकळी करून दिली. १८७६ मध्ये तेथे तलवार बाळगून हिंडण्यास सर्वसामान्यांना बंदी झाली आणि मुठीवरची धातूची चिमुकली शिल्पे, हाताला आड येणाऱ्या नक्षीदार चकत्या परदेशी संग्राहकांच्या कपाटांत स्वतंत्र कलावस्तू म्हणून जाऊन बसल्या. लोहाराने आपले नाव कोरलेला भाग मात्र मुठीच्या आत दडलेला असतो; शस्त्र उकलल्याखेरीज तो दिसत नाही. म्हणजे येथे रसिकतेची पहिली कृती शस्त्र निकामी करण्याची असते.

मराठी परंपरेत ही फारकत इतकी सोपी नाही. ‘फिरंग’ या नावाखाली येणाऱ्या अनेक तलवारींचे पाते युरोपातले आणि मूठ देशी. आपलेपण येथे मुठीत आहे. कट्यारीत तर घडण आणि अलंकरण यांची सीमारेषाच पुसट होते. दोन समांतर दांड्यांच्या मधल्या आडव्या पकडीवर मूठ आवळली की पाते हाताच्या सरळ रेषेत येते. चिलखत भेदता यावे म्हणून टोक पुष्कळदा जाड ठेवलेले असते. सोन्याची कोफ्तगारी मुख्यतः मुठीशी असते. आनंदवर्धनाने अलंकाराकडून जी अपेक्षा केली, की तो वेगळा प्रयत्न न करता रसाच्या ओघातच यावा, ती चांगल्या कट्यारीत पुरी होते. पण त्यातच एक कटू सत्य दडले आहे. अलंकरण धारण करणाऱ्याच्या बाजूला असते. समोरच्याच्या वाट्याला फक्त टोक येते. मुठीचे सौंदर्य पाहणारा रसिक नकळत धारकाच्या जागी उभा राहिलेला असतो.

याच्या उलट उदाहरण वाघनखांचे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात प्रदर्शित झाली. ग्रँट डफकडे ती असल्याचे त्यांच्या पेटीवर नोंदले आहे. १६५९ च्या प्रतापगडावरील भेटीत वापरलेली ती हीच काय, हे सिद्ध करता येत नाही, असे खुद्द ते संग्रहालयच म्हणते. येथे डोळ्यांत भरावी अशी नक्षी नाही. साजाची जागा कथेने घेतली आहे. आणि कथाही, नक्षीप्रमाणेच, धारकाच्या बाजूने सांगितलेली आहे. या कथेतील बचावाचा न्याय मान्य करूनही एवढे म्हणता येते, की न्याय शस्त्राच्या वापरात होता. लोखंडाच्या आकारात तो उतरत नाही. तेच शस्त्र अन्य हाती गेले तर अन्यायही तितक्याच सफाईने करील.

मग आस्वाद सोडून द्यावा काय? तसे नाही. कराड-साताऱ्याकडे खंडेनवमीला तलवारी-कट्यारींबरोबर विळा, कोयता आणि कारागिराची हत्यारेही पूजेला मांडतात. त्या दिवशी शस्त्र पुसले जाते, पाहिले जाते, पण उगारले जात नाही. प्रयोजन येथे स्थगित होते, विसरले जात नाही. विळ्याच्या शेजारी ठेवलेल्या कट्यारीला धार कशासाठी, हा प्रश्न आपोआप विचारला जातो. संग्रहालयातील काचेने हा प्रश्न पुसून टाकू नये, एवढीच अपेक्षा. शस्त्राचे परायत्त सौंदर्य मान्य करायचे तर मुठीवरची नक्षी पाहिल्यावर नजर पात्यावरून टोकापर्यंत नेणे आणि टोकाच्या पलीकडे कोण उभा असेल हे ध्यानात धरणे, हा त्या आस्वादाचाच भाग मानावा लागेल. त्याने आनंद थोडा उणावेल. तो उणावणे हेच त्याच्या प्रामाणिकपणाचे गमक होय.