सूट मिळाली म्हणजे हक्क गेला का? बेने इस्रायल स्त्रीचे घर आणि सिनेगॉग

ज्यू धर्मशास्त्राने तीन कर्तव्ये खास स्त्रीकडे सोपवली आहेत: पावाच्या मळलेल्या पिठातला एक गोळा देवाच्या नावाने बाजूला काढणे, मासिक पाळीचे नियम पाळणे आणि शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी शब्बाथचे दिवे लावणे. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात ती नोंदलेली आहेत. ठरावीक वेळीच करायच्या बहुतेक विधींतून स्त्रीला सूट देणारा नियमही त्यातच आहे. सकाळ-संध्याकाळ ‘शेमा’ हे श्रद्धावचन म्हणण्याचे बंधन तिच्यावर नाही; प्रार्थना आणि जेवणानंतरचे आभार यांतून मात्र तिची सुटका नाही. या सवलतीचे कारण पुढच्या काही भाष्यकारांनी घरच्या जबाबदाऱ्यांत शोधले.

खरा पेच इथे आहे. ज्यातून सूट मिळाली, ते करण्याचा हक्कही गेला का? मिश्नावरील चर्चेचा ग्रंथ असलेल्या तालमूदमधील एक उतारा या बाबतीत फार बोलका आहे. शब्बाथला तोरा या धर्मग्रंथाच्या वाचनासाठी बोलावल्या जाणाऱ्या सात जणांत स्त्रीही धरता येते, असे तो आधी सांगतो आणि लगेच पुढे म्हणतो की मंडळीच्या मानासाठी तिने वाचू नये. म्हणजे अडसर धर्माचा नव्हे, लोकलज्जेचा. परंपरानिष्ठांचे उत्तर असे की घर हेच ज्यू धर्माचे पहिले देवस्थान आहे आणि तिथली सत्ता स्त्रीचीच आहे. हे उत्तर हलके नाही.

कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाचा इतिहास तर याच उत्तराच्या बाजूने साक्ष देतो. अलिबाग-पेणकडच्या गावांत तेल गाळणारी ही माणसे शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवली जात. त्यांच्याजवळ ना धर्मग्रंथ होते, ना धर्मगुरू. समाजात सांगितली जाणारी आख्यायिका अशी की दाविद रहाबी नावाच्या ज्यू गृहस्थाने त्यांची पारख करायला बायकांपुढे मिसळलेली मासळी ठेवली. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे रांधायला घेतले, बाकीचे बाजूला सारले. रहाबीची खात्री पटली. या कसोटीने रावस चालतो, शिंगाळा चालत नाही. आख्यायिका कितपत खरी, हा मुद्दा वेगळा. समाजाने आपली ओळख कुणी राखली असे मानले, ते तिच्यातून कळते. तरी नवस फेडताना एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा हा नैवेद्य करायचा तर पोहे भिजवून, नारळ खवून, गोडात कालवून फळांसह ताट बायका मांडत आणि प्रार्थना पुरुष म्हणत. धर्म टिकवणारीला धर्म बोलून दाखवण्याची मुभा नव्हती.

याच समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड यांचे आयुष्य या प्रश्नाला थेट भिडते. मोठी बहीण आजारी पडली आणि मुंबईच्या कामा रुग्णालयात डॉ. ॲनेट बेन्सन यांच्या उपचारांनी बरी झाली. ते पाहून लहानग्या जेरुशाने डॉक्टर व्हायचे ठरवले. घरच्या मायेतूनच हा बाहेरचा रस्ता निघाला. लंडनमध्ये १९१९ साली त्या एम. डी. झाल्या. १९२८ ते १९४७ त्यांनी त्याच कामा रुग्णालयाची धुरा वाहिली. मुंबईतल्या बाळंतिणींच्या मृत्यूंची कारणे तपासणारा त्यांचा अहवाल १९४१ साली प्रसिद्ध झाला.

लंडनमध्ये त्यांना आणखी काही गवसले. ज्यू धर्मसुधारक लिली माँटेग्यू यांच्या पुढाकाराने तिथे १९०२ साली ‘ज्यूइश रिलिजियस युनियन’ ही उदारमतवादी संस्था सुरू झाली होती आणि उपासनेत स्त्रीने प्रवचन करणे तिथे शक्य झाले होते. १९२५ साली झिराड यांनी मुंबईत त्याच नावाची संस्था उभारण्यात पुढाकार घेतला. भायखळ्याचे रोदेफ शालोम हे या उदारमतवादी मंडळींचे सिनेगॉग. झिराड यांनी घराचे धर्मकार्य कमी लेखले नाही. त्याची सबब पुढे करून सिनेगॉगचे दार लावून घेणे तेवढे नाकारले.

त्यांच्याच पिढीतल्या रिबेका रूबेन यांनी वेगळे क्षेत्र धरले. १९०५ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आल्या. पुढे १९२२ ते १९५० त्यांनी माझगावची सर एली कदूरी शाळा चालवली. या शाळेचे मूळ हायम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली काढलेल्या इस्रायली शाळेत आहे. समाजाचे पुढारपण प्रार्थनेच्या व्यासपीठावरूनच करावे लागते असे नाही, हे रूबेन यांच्या कामावरून दिसते. पण व्यासपीठच बंद असेल तर असल्या पर्यायाला निवड म्हणता येत नाही, आणि झिराड यांची बाजू म्हणूनच अधिक भक्कम ठरते. १९६६ साली भारत सरकारने झिराड यांना पद्मश्री दिली, ती वैद्यकीय सेवेसाठी.